माजी विद्यार्थ्यांचा सत्कार: कोणाचा, कसा आणि किती वेळात?

दिवाळीनंतर कॉलेजांच्या माजी विद्यार्थी मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो, तशी या सदराकडे येणारी पत्रंही त्याच विषयाकडे वळतात. या वेळी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून कला शाखेच्या गुणवंत माजी विद्यार्थ्यांच्या सत्काराबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात यंदापासून कला शाखेच्या कर्तबगार माजी विद्यार्थ्यांना गौरवायचं ठरलं आहे. पहिल्याच बैठकीत नावं निघाली ती दोन उपजिल्हाधिकारी, एक आमदार आणि एका मालिकेतल्या अभिनेत्याची. मराठी, इतिहास, मानसशास्त्र शिकून वेगळं काम करणारी माणसं यादीत यावीत, यासाठी निवडीची पद्धत कशी ठेवावी?
(एक प्राध्यापिका, कॉलेज रोड)

बैठकीत तोंडी नावं मागितली की चेहरे आठवतात तीच नावं येतात. म्हणून पहिली नावं बैठकीत घेऊच नका, लेखी नामांकन मागवा. अर्ज दोन पानांहून मोठा नको. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणत्या वर्षी कोणता विशेष विषय घेऊन पदवी घेतली, त्यानंतरचं नेमकं काम, त्या कामाचे कागदोपत्री पुरावे आणि त्या क्षेत्रातल्या, नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींचे संपर्क. ‘पद’ असा रकाना ठेवूच नका, त्याऐवजी ‘या व्यक्तीमुळे काय उभं राहिलं किंवा बदललं?’ असं विचारा. अधिकाऱ्याचं नाव त्यातूनही येईल, पण मग नेमणुकीऐवजी त्या काळात झालेलं काम लिहावं लागेल. आणि पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळेत बोलीभाषेतून वाचनाचं साहित्य तयार करणारी शिक्षिका, कन्नडमधून मराठीत थेट अनुवाद करणारा, हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करणारा, ग्रामपंचायतींची जुनी दप्तरं लावणारा इतिहासाचा विद्यार्थी, यांनाही त्याच रकान्यात जागा मिळेल.

समिती पाच किंवा सात जणांची असावी. त्यांतले किमान दोघे महाविद्यालयाबाहेरचे आणि एक जण अलीकडच्या दहा वर्षांत पदवी घेतलेला हवा. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना समितीत घेऊ नये. त्यांचा मान मंचावर राखता येतो, निवडीत त्यांचं वजन पडलं की पुढच्या वर्षी नामांकनंच येत नाहीत. हितसंबंधांचा नियम मात्र व्यवहार पाहून करा. नाशिकसारख्या शहरात कोणी कोणाला शिकवलेलं असतंच, त्यामुळे ‘ओळख असली की बाहेर’ म्हटलं तर समिती रिकामी होईल. नातं, धंद्यातली भागीदारी किंवा स्वतः केलेलं नामांकन, या तीन बाबतींत त्या नावापुरतं बाहेर बसायचं आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची, एवढं पुरे.

शंभर गुणांचा तक्ता करण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हाला तो पटत नाही. कवीला ७२ आणि ग्रंथपालाला ७१ हा हिशेब फक्त दिसायला नेमका असतो, आणि गुण शेवटी ठरलेल्या नावाकडे पाहून भरले जातात. त्यापेक्षा आधी कागदपत्रांवर चाळणी करा, मग चर्चा करा आणि निवडलेल्या प्रत्येक नावापुढे चार ओळींचं लेखी कारण लिहा. त्या चार ओळी लिहिता आल्या नाहीत, तर नाव मागे ठेवा. हेच कारण पुढे मानपत्राचा गाभा होतं, त्यामुळे काम वायाही जात नाही.

पुरावे तपासताना दोन ठिकाणी सावध राहा. एक, पुरस्कारांची लांबलचक यादी. ‘नोंदणी शुल्क’ भरून मिळणारे राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय नावाचे पुरस्कार बाजारात भरपूर आहेत. ज्या पुरस्काराची निवड समिती, वर्षवार मानकरी आणि निकष सापडत नाहीत, तो यादीतून वगळून पाहा आणि मग काय उरतं ते बघा. दोन, मानद डॉक्टरेट. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही जाहीर करतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्याने मंचावरून ‘डॉक्टर’ म्हणून घोषणा होते आणि दुसऱ्या दिवशी शहरभर हसू होतं.

एका वर्षी चारच नावं ठेवा. पहिल्या वर्षी साठलेली बाकी फेडायची म्हणून वीस जणांना एकदम गौरवलं, की पाचव्या वर्षी नावं शोधत बसावं लागतं. न निवडलेली नामांकनं तीन वर्षं आपोआप विचारात राहतील असा नियम करा, म्हणजे लोक दरवर्षी अर्ज करून वैतागणार नाहीत. जुलैत आवाहन, सप्टेंबरअखेर मुदत, ऑक्टोबरात पडताळणी, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निर्णय. आणि निर्णयानंतर आधी त्या व्यक्तीचं लेखी स्वीकृतीपत्र, मगच वर्तमानपत्राला बातमी. हा क्रम उलटा झाला तर नकाराची बातमी होते.

प्रश्न: एक नामवंत रंगकर्मी एसवायबीएनंतर कॉलेज सोडून मुंबईला गेले. पदवी आमच्याकडची नाही. त्यांना ‘माजी विद्यार्थी’ म्हणून गौरवता येईल का?
(माजी विद्यार्थी संघाचे सचिव, पंचवटी)

तुमच्या संघाच्या घटनेत ‘माजी विद्यार्थी’ची व्याख्या काय आहे ते आधी पाहा. ‘किमान एक शैक्षणिक वर्ष पूर्ण केलेली व्यक्ती’ असं असेल तर काहीच अडचण नाही. तसं नसेल तर आधी सर्वसाधारण सभेत व्याख्या बदला, मग सत्कार करा. एका माणसासाठी नियम वाकवला की पुढचे दहा जण त्याचा दाखला देतात. मानपत्रात मात्र ‘पदवीधर’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. ‘१९९१ ते १९९३ या काळात येथे शिक्षण घेतले’ एवढंच लिहा.

याच संदर्भात एक गल्लत टाळावी. विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) ज्यांचे प्रतिनिधी निवडून जातात ते ‘नोंदणीकृत पदवीधर’ आणि तुमच्या संघाचे सभासद या दोन वेगळ्या याद्या आहेत. एकीत नाव असलं म्हणजे दुसरीत असतंच असं नाही.

प्रश्न: कला शाखेत मुलींची संख्या नेहमीच मोठी होती, पण आमच्याकडे आलेल्या नामांकनांत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. शोधायच्या कशा?
(निवृत्त ग्रंथपाल, गंगापूर रोड)

अडचण बहुतेक वेळा नावापाशी असते. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललं, कधी नावही बदललं, आणि गावही. समाजमाध्यमांवर ज्या नावाने तुम्ही शोधता त्या नावाची व्यक्ती तिथे नसतेच. त्यात आवाहन जातं ते बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर. जुन्या बॅचचे गट मुलांनी काढलेले असतात आणि त्यांत वर्गातल्या दोन-चारच मुली असतात.

शोध उलट बाजूने घ्या. आधी महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक काढा. वक्तृत्व, एकांकिका, काव्यवाचन, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या छायाचित्रांखाली नावं असतात आणि कोणाला कशात गती होती तेही कळतं. त्यावरून पाच-पाच वर्षांचा एक गट धरून नावांची यादी करा. मुलींच्या वसतिगृहाची रजिस्टरं असली तर तीही पाहा, त्यांत मूळ गाव असतं आणि गावाकडून माहेरचा पत्ता लागतो. मग प्रत्येक गटासाठी एक स्त्री समन्वयक नेमा. दोन मैत्रिणी सापडल्या की पुढच्या आठ त्या सांगतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या सुमारास हे काम हातात घेतलं तर ते फार लवकर पुढे सरकतं, कारण त्या पंधरवड्यात गाठीभेटी होतच असतात.

अर्जात नावाचे दोन रकाने ठेवा: ‘गुणपत्रिकेवरचं नाव’ आणि ‘सध्या वापरात असलेलं नाव’. तिसरी ओळ हवी ती अशी: ‘मानपत्रावर नाव कसं लिहावं?’ अनेकींना दोन्ही आडनावं हवी असतात, काहींना फक्त आईचं नाव. ते आपण ठरवायचं नसतं.

निकषांतही एक खोच असते. ‘चाळिशीच्या आतील युवा गौरव’ असा विभाग केलात तर लग्न, मुलं, बदल्या यांत दहा वर्षं गेलेल्या स्त्रिया आपोआप बाहेर पडतात. वयाची अट हवीच असेल तर ‘कामाला सुरुवात केल्यापासून पंधरा वर्षांच्या आत’ अशी ठेवा. पन्नाशीत पहिलं पुस्तक आलेली लेखिका मग त्यात बसते.

गोळा केलेले फोन नंबर आणि पत्ते स्मरणिकेत छापू नका, गटांवर फिरवू नका. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. अर्जावरच ‘ही माहिती कशासाठी वापरू’ ते दोन ओळींत लिहून संमतीची सही घ्या.

प्रश्न: मानपत्राचा मजकूर आम्ही दरवर्षी तोच वापरतो, फक्त नाव बदलतो. यंदा नीट करायचं आहे. मजकूर, छपाई, चौकट, सगळ्याबद्दल सांगा. शिवाय जुन्या पदवीधरांच्या बाबतीत विद्यापीठाचं नाव कोणतं लिहायचं?
(एक उपप्राचार्य, नाशिक रोड)

विद्यापीठाचं नाव पदवीच्या वर्षाप्रमाणे लिहा. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. त्याआधीच्या नाशिकच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयातून १९३४ मध्ये बी. ए. झाले, तेव्हा पुणे विद्यापीठ अस्तित्वातच नव्हतं. ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव २०१४ पासूनचं. म्हणून १९८५ च्या पदवीधराच्या मानपत्रात ‘पुणे विद्यापीठ (आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ)’ असं लिहिणं बरोबर ठरतं. साल आणि विशेष विषय जनरल रजिस्टर आणि निकालपत्रक दोन्हींवरून पडताळा. सत्कारमूर्तींच्या आठवणीवर विसंबू नका. पदवीचं साल आणि पदवीदान समारंभाचं साल यांत माणसं हमखास गोंधळतात.

मजकूर दीडशे शब्दांचा पुरे. वाचायला साधारण दीड मिनिट लागतं आणि भिंतीवर लावल्यावर तीन फुटांवरूनही तो वाचता येतो. सुरुवात इथल्या शिक्षणाने करा: ‘आपण १९८६ ते १९८९ या काळात या महाविद्यालयात अर्थशास्त्र हा विशेष विषय घेऊन शिकलात.’ मग त्यांची तीन कामं, प्रत्येकी एका वाक्यात, सालासह. मग निवड समितीने लिहिलेल्या त्या चार ओळींतली सर्वांत नेमकी ओळ. शेवटी दिनांक, स्थळ, प्राचार्य आणि समितीचे अध्यक्ष यांच्या सह्या. ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’, ‘अष्टपैलू’, ‘समाजभूषण’, ‘आपल्या कार्यकर्तृत्वाचा सुगंध दरवळत राहो’ ही ठरीव वाक्यं काढून टाकली की जागा आपोआप मोकळी होते. संपूर्ण मजकूर ‘आपण’ला धरून ठेवा. अर्ध्यावर ‘त्यांनी’ सुरू झालं की ओळखावं, मजकूर कुठल्या तरी परिचयपत्रातून उचलला आहे.

पद्म पुरस्कारांबद्दल सूत्रसंचालकाला आधीच बजावून ठेवा. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणून ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘पद्मश्री अमुक अमुक’ असं लिहायचं नाही. ‘त्यांना अमुक साली पद्मश्री सन्मान मिळाला’ असं परिचयात सांगायचं. पत्रिका, फलक, मानपत्र तिन्हींकडे हे पाळा.

छपाईत घात होतो तो फॉन्टमुळे. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये टाइप करता, आणि काही छपाईवाले अजूनही जुन्या फॉन्टमध्ये जुळणी करतात. रूपांतरात सर्वांत आधी मोडतो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र, म्हणजे ‘कार्यकर्त्यांच्या’ सुखरूप राहतं पण ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘सुऱ्या’ तुटतात. त्यानंतर ‘ॲ’, ‘द्ध’, ‘ङ्म’ आणि आकडे. उपाय सोपा आहे. अंतिम मजकूर पीडीएफ करून द्या, ‘हे पाहून जुळवा’ असं सांगा, आणि पुन्हा जुळणी केलीच असेल तर छापील प्रूफ मागा. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून प्रूफ पास करू नका. प्रूफ एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवायचं. नावाचं ऱ्हस्व-दीर्घ सत्कारमूर्तींच्या स्वतःच्या हस्ताक्षरातून घ्या. ‘श्रुती’ की ‘श्रुति’ हे शुद्धलेखनाच्या नियमावर नाही, त्यांच्या सहीवर ठरतं.

कागद ३०० जीएसएमचा, आकार ए-३. मजकुराच्या मागे महाविद्यालयाच्या इमारतीचं फिकट चित्र घालू नका, अक्षरं त्यात बुडतात. चौकटीला काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या: वजन कमी आणि प्रवासात फुटायची भीती नाही. प्रत्येक मानपत्राच्या दोन प्रती काढा. दुसरी सह्यांसह महाविद्यालयाच्या दप्तरात जाईल, जावक क्रमांक घालून.

प्रश्न: तारीख आणि सभागृह कसं ठरवावं? २७ फेब्रुवारीला घ्यावा अशी सूचना आहे.
(कार्यक्रम समिती, सातपूर)

२७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. कला शाखेला दिवस शोभतो हे खरं, पण नाशिकमध्ये नेमका तोच दिवस सर्वांत अडचणीचा. एक वर्षाआड कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या जनस्थान पुरस्काराचा सोहळा त्याच सुमारास असतो, आणि त्या दिवशी दरवर्षी शहरात दहा कार्यक्रम असतात. तुमचा हक्काचा श्रोता तिकडे जाणार, आणि सभागृहंही मिळणार नाहीत. आठवडाभर आधीचा किंवा नंतरचा शनिवार घ्या. डिसेंबर-जानेवारीही चांगले: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षा संपलेल्या असतात, उन्हाळी परीक्षा दूर असतात आणि परगावचे, परदेशचे माजी विद्यार्थी त्याच सुमारास घरी येतात. फक्त जानेवारीच्या संध्याकाळी लॉन्सवर कार्यक्रम नको. नाशिकची थंडी दहा अंशांच्या खाली उतरते, आणि सत्तरी ओलांडलेले सत्कारमूर्ती दोन तास उघड्यावर कुडकुडत बसतात. २०२७ चे ऑगस्ट-सप्टेंबर तर सोडूनच द्या. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत ना पाहुण्यांना खोली मिळेल, ना गाडी शहरात येईल.

सभागृह अपेक्षित श्रोत्यांपेक्षा थोडं लहानच घ्या. महापालिकेचं कालिदास कलामंदिर मोठं आहे, नाटकांची मागणीही असते. तिथे अर्ज फार आधी करावा लागतो आणि अर्धं रिकामं राहिलं तर फोटोत तेच दिसतं. सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह किंवा कुसुमाग्रज स्मारकाचं सभागृह अशा कार्यक्रमाला जास्त जवळचं. स्वतःच्या महाविद्यालयात धड सभागृह असेल तर तेच सर्वांत उत्तम, कारण सत्कारमूर्तींना पुन्हा तिथेच यायचं असतं. मंचावर जायला पायऱ्याच असतील तर उतार (रॅम्प) किंवा कठडा आहे का ते आधी पाहा. नसेल तर वयस्कर व्यक्तीचा सत्कार मंचाखाली, पहिल्या रांगेपुढे करा, आणि बाकीचेही तिथेच करा, म्हणजे एकालाच वेगळं वाटणार नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर प्रमुख पाहुणे म्हणून लोकप्रतिनिधी ठरवू नका. ऐन वेळी पत्रिका बदलावी लागते.

प्रश्न: गेल्या वर्षी एका ठिकाणी असाच कार्यक्रम साडेतीन तास चालला. शेवटच्या सत्कारमूर्तीला बोलायला मिळाली ती दोन मिनिटं. हे कसं टाळायचं?
(एक वाचक, इंदिरानगर)

वेळ खातात ते सत्कारमूर्ती नसतात. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, मंचावरच्या अकरा जणांचा आपापसांत सत्कार, संस्थेचा इतिहास सांगणारं प्रास्ताविक आणि ‘दोन शब्द’ बोलायला उठलेले तीन पदाधिकारी, यांत पहिला तास जातो. मंचावर सातच खुर्च्या ठेवा. चार सत्कारमूर्ती, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, अध्यक्ष. पाहुण्यांचं स्वागत मंचावर येण्याआधी चहाच्या वेळी उरका.

चार जणांचा हिशेब असा बसतो. प्रास्ताविक ६ मिनिटं. प्रत्येक सत्कारमूर्तीला परिचय २, मानपत्रवाचन दीड, प्रत्यक्ष सत्कार १ आणि मनोगत ८, मिळून साडेबारा, चौघांची ५०. प्रमुख पाहुणे १५, आभार ३. वर ६ मिनिटं इकडे-तिकडे जायला. एकूण ८० मिनिटं. परिचय आणि मानपत्र यांत तोच मजकूर दोनदा येतो, हे लक्षात ठेवून परिचयात फक्त मानपत्रात नसलेलं सांगा, विद्यार्थिदशेतलं काही असेल तर उत्तम. सगळे सत्कार आधी आणि सगळी मनोगतं नंतर, असा क्रम लावू नका. श्रोत्यांना तोवर कोणी काय केलं ते आठवत नाही. एकाचा सत्कार, लगेच त्याचं मनोगत. आठ मिनिटांची मर्यादा पत्रातच कळवा, आणि सहाव्या मिनिटाला समोरच्या रांगेतून कागद दाखवणारा माणूस ठेवा. चिठ्ठी मंचावर नेऊन देणं अपमानास्पद दिसतं.

प्रत्यक्ष सत्काराचा एक मिनिट सराव करून घ्यावा असा आहे. शालीचं प्लास्टिक, टाचण्या आणि किमतीची चिठ्ठी आधी काढून ठेवा, शाल लांबीत दुमडून ठेवा. क्रम शाल, श्रीफळ, मानपत्र, स्मृतिचिन्ह. श्रीफळ हातात आल्यावर मानपत्र घ्यायला हात उरत नाही, म्हणून ताम्हण घेतलेला एक विद्यार्थी सत्कारमूर्तींच्या डाव्या हाताला हवा, जो श्रीफळ लगेच परत घेईल. फोटोच्या वेळी चौकट किंचित खाली झुकवायची, नाहीतर त्यावर फक्त फ्लॅश दिसतो. उभं राहायची जागा जमिनीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवा. येवल्याच्या पैठणीचं उपरणं शालीऐवजी द्यायचं असेल तर दुकानदाराला हातमाग की यंत्रमाग हे स्पष्ट विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि नाशिककरांना ते लांबून ओळखू येतं.

प्रश्न: मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. झालो. अभ्यासकेंद्र एका महाविद्यालयात होतं. मी त्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी धरला जातो का?
(एक वाचक, सिन्नर)

तुमचं विद्यापीठ मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये स्थापन झालेलं. महाविद्यालय हे फक्त केंद्र. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमचं नाव नसतं. तरी संघाने आपल्या घटनेत ‘अभ्यासकेंद्राचे विद्यार्थी’ असा सहयोगी वर्ग ठेवायला काहीच हरकत नाही, आणि ठेवावा असं आम्ही सुचवू. नोकरी, शेती, संसार सांभाळून रविवारच्या संपर्कसत्रांना येणारे विद्यार्थी त्या इमारतीशी बांधलेले असतात.

प्रश्न: आमचे एक माजी विद्यार्थी अमेरिकेत असतात. सत्काराऐवजी त्यांना इतिहास विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पारितोषिक ठेवायचं आहे. पैसे प्राचार्यांच्या खात्यावर पाठवू का, असं विचारतात.
(खजिनदार, माजी विद्यार्थी संघ)

नाही. कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर नाही, वैयक्तिक यूपीआयवरही नाही.

पहिला प्रश्न त्यांच्या पासपोर्टचा. ते अजून भारतीय नागरिक असतील, तर परदेशात राहत असले तरी त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. त्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती परकीय देणगी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे विदेशी अभिदाय विनियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवी. तुमच्या संघाकडे ती नोंदणी नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून वळवून घेऊ, हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. अशा वेळी त्यांच्या भारतात राहणाऱ्या भावंडांनी स्वतःच्या पैशातून देणगी द्यावी, किंवा त्यांनी वेळ द्यावा, पैसे नकोत. भावंडांच्या खात्यातून त्यांचेच पैसे फिरवणं मात्र करू नका.

संघ अजून नोंदवलेलाच नसेल तर ते काम आधी करा. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात, आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षं न दिल्याने कागदावर अजून जुनेच अध्यक्ष आणि बँक सही बदलायला तयार नाही, ही अवस्था फार संघांची आहे.

ठेवीचा हिशेब लिहून द्या. समजा २ लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला १३,००० मिळतात. पारितोषिक १०,००० चं ठेवा आणि ३,००० मुद्दलात परत टाका. सगळंच व्याज वाटलं तर पंधरा वर्षांनी तीच रक्कम किरकोळ वाटू लागते. व्याजदर उतरले तर पारितोषिक कमी करण्याचा अधिकार समितीला आहे, असं करारात घाला. आणि कला शाखेत खास लागणारी अट विसरू नका: इतिहास विशेष विषयाला त्या वर्षी विद्यार्थीच नसले, किंवा विषय बंद झाला, तर काय? संस्कृत, तत्त्वज्ञान अशा विषयांच्या ठेवी यामुळेच अडकून पडतात. ‘त्या वर्षी जवळच्या सामाजिक शास्त्राच्या विषयाला द्यावे’ अशी एक ओळ पुरते.

प्रश्न: मरणोत्तर सत्कार करावा का?
(एक वाचक, निफाड)

करावा, पण वेगळ्या विभागात आणि वर्षाला एकच. कुटुंबातल्या कोणी स्वीकारायचं हे कुटुंबाने लेखी कळवावं. वारसांत बेबनाव असतो आणि तो मंचावर कळतो. मनोगत कुटुंबीयांऐवजी त्या व्यक्तीच्या कामाची माहिती असलेल्याने करावं, चार मिनिटांत.

प्रश्न: आम्ही टीवायबीएचे विद्यार्थी. दरवर्षी या कार्यक्रमाला हजेरी सक्तीची असते आणि मागच्या रांगेतून काही कळत नाही. आमच्यासाठी यात काही करता येईल का?
(विद्यार्थी प्रतिनिधी, नाशिक)

सक्तीची हजेरी काढून टाकावी, हे आमचं मत तुमच्या प्राचार्यांना जरूर दाखवा. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद द्यावी लागते, म्हणून भरलेल्या सभागृहाचे फोटो हवे असतात हे समजतं. पण सत्कारमूर्तींनी त्याच दिवशी सकाळी घेतलेलं सत्र त्या नोंदीला अधिक वजन देतं.

त्यासाठी हे मागा. समारंभाच्या दिवशी सकाळी दीड तास, एका सत्कारमूर्तीसोबत पंचवीस-तीस विद्यार्थी, वर्गात, गोल बसून. प्रश्न आठवडाभर आधी लिहून गोळा करा आणि सत्कारमूर्तींना पाठवा. ‘यशाचं रहस्य काय’ हा प्रश्न बाद. अनुवादकाला विचारा की दर शब्दावर ठरतो की पानावर, करारात काय पाहायचं, पहिल्या पाच वर्षांत घर कशावर चाललं. समुपदेशकाला विचारा की मानसशास्त्रात बी. ए. झाल्यावर पुढचं कोणतं शिक्षण घेतल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. स्पर्धा परीक्षेतून गेलेल्यांना विचारा की किती प्रयत्नांनंतर थांबायचं हे कसं ठरवलं. तुमच्या घरी ‘आर्ट्स घेऊन करणार काय?’ असं विचारतात, त्याचं उत्तर तुम्हाला अशा तपशिलांतून देता येईल.

दुसरं काम तुम्ही स्वतः अंगावर घ्या: प्रत्येक सत्कारमूर्तीची पाऊण तासाची ध्वनिमुलाखत. मोबाइल चालेल, पण कॉलरला लावायचा माइक हवा. ग्रंथालयाची आतली खोली निवडा, रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. पंखा बंद ठेवा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी रचना करून घ्या, आणि मुलाखतीआधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून ती हेडफोनवर ऐका. ग्रंथालयात ठेवायला आणि संकेतस्थळावर टाकायला अशा दोन वेगळ्या संमती घ्या. काहींना पहिली चालते, दुसरी नको असते. फाइलचं नाव वर्ष, आडनाव, विषय या क्रमाने ठेवा. तीन प्रती: एक ग्रंथालयाच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक महाविद्यालयाबाहेर. लिप्यंतराला पाऊण तासाच्या मुलाखतीमागे पाच-सहा तास धरा आणि ते काम तिघांत वाटून घ्या, कारण परीक्षा जवळ आल्यावर एकट्याने घेतलेलं लिप्यंतर दहाव्या मिनिटाला थांबतं.